दारावरचा निंब

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा छायाला वाटलं होतं, दुपारचं ऊन आहे, माणसं कामावर असतील, गुपचूप घरात शिरता येईल. पण सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या गल्लीला डोळे फार. ओट्यावर साड्यांचे धागे कापत बायका बसलेल्या होत्या, नळाशी दोघी-तिघी भांडत होत्या. युवराज उतरला तो भिंतीला हात लावूनच उतरला, आणि सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या.

महिन्यापूर्वी हाच माणूस बमरोलीच्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, रात्रपाळीला मशिनांच्या दोन ओळी एकटा सांभाळायचा. धागा तुटला की कानानं ओळखायचा. नडगीवर काळेनिळे डाग पडायला लागले तेव्हा म्हणाला, मशीन लागलं असेल. दात घासताना रक्त यायला लागलं तेव्हा म्हणाला, तंबाखूनं हिरड्या खाल्ल्या. ताप आला तर थंडी बाधली म्हणाला. प्रत्येक दुखण्याला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. शेवटी दवाखान्यात त्याच्या कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला आणि डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं की हा रक्ताचा कॅन्सर आहे, औषधाला दाद देणारा आहे, पण आजपासूनच सुरू करायचं.

औषधाचा पहिला फेरा संपला होता. घरी सोडताना बाईंनी छायालाच बजावलं होतं. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या आहेत, अंगात राखण करणारं कोणी उरलेलं नाही. घरात पाहुणा नको. सर्दी-खोकल्याचा माणूस तर उंबऱ्यापाशीही नको. कच्चं नको, दही नको, धूळ नको. आणि ताप आला तर वाट बघत बसायचं नाही, तसंच निघायचं.

येताना रिक्षात युवराजनं तिचं मनगट धरलं होतं.

"कोनले सांगू नको. तुले मन्ही आन शे."

"काय सांगू मंग?"

"काही बी सांग. कॅन्सर म्हनं की लोके मराना आधीच रडाले येतस. ते माले सोसाव नही."

नवऱ्यानं स्वतःची शपथ घातली की बाईचं तोंड बंद होतं. छायाचंही झालं.

पण तोंड बंद ठेवणं सोपं आणि दार बंद ठेवणं कठीण. खान्देशी माणूस आजाऱ्याला भेटायला गेला नाही तर उद्या त्याच्या तिरडीला खांदा द्यायला कोणी येत नाही, असा हिशेब. तो धुळ्याहून सुरतेला आला तरी हा हिशेब गाठोड्यात बांधूनच आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून द्राक्षांच्या पिशव्या आणि बिस्किटांचे पुडे येऊ लागले. खात्यातला गणेश पाळी सुटल्यावर थेट आला, केसांत पांढरा पिंजलेला कापूस, आणि खाटेवर युवराजच्या पायाशीच बसला. एक बाई शेंबडं पोर कडेवर घेऊन आली. "झोपलेत," छाया म्हणाली, तर बाई म्हणाली, झोपेल तोंड देखीसन जास.

युवराजचा चुलतभाऊ भूपेंद्र भेस्तानहून आला तेव्हा त्याला दोन शिंका आल्या. छाया दारात आडवी झाली.

"भाऊ, डॉक्टरनी नही सांगेल शे."

"डॉक्टर परका लोकेसले सांगस. मी परका शे का?"

"तसं नही, भाऊ."

"मंग कसं?"

खरं उत्तर शपथेखाली दडपलेलं. भूपेंद्रनं तिनं पुढं केलेल्या तांब्याला हात लावला नाही आणि पाणी न पिताच निघून गेला. आमच्याकडे पाणी न पिता गेलेला भाऊबंद परत आणायला पिढी लागते. आत युवराजनं सगळं ऐकलं होतं. तो छताच्या पत्र्याकडे बघत पडून राहिला आणि छायाला धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली.

सुटका झाली ती समोरच्या पुष्पाबाईमुळे. पुष्पाबाई गल्लीतली जुनी बाई. कुणाचं बाळंतपण, कुणाचा नवस, कुणाचं तेरावं, तिला विचारल्याशिवाय पान हलत नसे. ती आली ती न विचारताच, सरळ आत. छाया मागून "मावशी, मावशी" करत राहिली. पुष्पाबाईनं युवराजच्या अंगावरची चादर नीट करायला हात घातला आणि तशीच थांबली. त्याच्या दंडावर, छातीवर, मोहरी सांडावी तसे बारीक लाल ठिपके उठले होते. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या की असे ठिपके येतात, हे छायाला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं होतं. पुष्पाबाईला कुणी सांगितलेलं नव्हतं.

ती दोन पावलं मागं सरली, तिनं हात जोडले.

"छाया, याडी का काय तू? माता येल शे याले. आनि तू सम्दा गावले घरमा लेस?"

छायाचं तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तिनं पाहिलं, पुष्पाबाई आपण होऊन मागं मागं सरत उंबऱ्याबाहेर गेली होती. दोन दिवस जे कुणाकडून झालं नव्हतं ते आपोआप झालं. छायानं मान खाली घातली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

तासाभरात, घरात देवी आल्याची खूण म्हणून, दारावर कडुनिंबाचा डहाळा लागला. पुष्पाबाईनं तो स्वतः बांधला आणि बाहेरूनच नियम सांगितले. फोडणी द्यायची नाही. चपला आत न्यायच्या नाहीत. कुणी भेटायला यायचं नाही, आणि आजाऱ्यानं देवी उतरेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही.

गल्ली शांत झाली. माणसं दारावरून जाताना हात जोडून पलीकडच्या कडेनं जाऊ लागली. कुणालाही राग आला नाही. देवीच्या घरी जायचं नसतं, त्यात मानपान कसला. चैतालीला, त्यांच्या मुलीला, आधीच छायाच्या बहिणीकडे ठेवलं होतं, त्याचाही अर्थ गल्लीनं लावून घेतला. युवराजला हे कळलं तेव्हा तो कितीतरी दिवसांनी हसला. हसताना त्याचा फुटलेला ओठ दुखला, तरी हसला.

"डॉक्टरीनबाईले सांग, दवाखानालेबी निंब बांधा म्हना."

छायाही हसली, पण पोटातून नाही. देवीच्या नावावर आपण हे काय करून बसलो, ही भीती तिला भांडी घासताना, लादी पुसताना, कुठंही गाठायची. कोप करायचा असेल तर माझ्यावर कर, असं ती चुलीसमोर, म्हणजे गॅससमोर, मनातल्या मनात म्हणायची.

आणि कामाला अंत नव्हता. टिकल्या चिकटवायला घरी घेतलेल्या साड्यांचे गठ्ठे तिनं धुळीपायी परत पाठवले होते, त्यामुळे हात रिकामे व्हायला हवे होते. पण ते जास्तच भरले. फिनाईल टाकून लादी पुसायची, दुपारी परत पुसायची. पाणी उकळायचं, गाळायचं, झाकायचं. त्याच्या चादरी वेगळ्या बादलीत उकळत्या पाण्यात घालायच्या. तिच्या बोटांची सालं निघाली. युवराजच्या तोंडात फोड आले होते, खिचडी रवीनं घोटून पेजेसारखी केली तरी घोट घेताना त्याच्या डोळ्यात पाणी यायचं. उशीवर केस पडायचे. ती ओला हात फिरवून ते गोळा करायची आणि त्याला दिसू नये म्हणून मुठीत धरून बाहेर न्यायची. मोरीत जाताना त्याला तिचा खांदा लागायचा. तिथं तो तोंड भिंतीकडे करायचा. बारा वर्षांचा संसार, पण त्या वेळी परकी बाई असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पुष्पाबाई मायेची. रोज दुपारी ती ओट्यावर झाकलेला वाडगा ठेवून जायची. दहीभात. देवीला थंड लागतं म्हणून.

"त्याले खावाड वं, माय. पोटनी आग शांत व्हई."

दही तर त्याला विष. परत करावं तर विचारतील का, फेकावं तर अन्न. छाया मोरीपाशी उकिडवी बसून तो दहीभात स्वतः खायची. चांगला असायचा. तिला दिवसभरात मिळणारं तेवढंच धड जेवण ते असायचं, आणि दर घासाला आपण कुणाला तरी लुबाडतोय असं वाटायचं. मग वाडगा घासून ओट्यावर पालथा ठेवायची.

चैत्रातलं ऊन चढलं. पत्रा असा तापला की वर हात धरवत नव्हता. त्या दुपारी युवराजनं गोधडी मागितली. छायाला आधी कळलंच नाही. मग त्याचे दात वाजलेले तिनं ऐकले. तिनं थर्मामीटर लावला. दुसऱ्यांदा लावला. ताप होता आणि चढत होता.

तिनं पिशवी उचलली, गल्लीच्या तोंडाशी पळत जाऊन रिक्षा आणली. रिक्षावाला दारापर्यंत आला, त्यानं डहाळा पाहिला आणि हँडल वळवलं.

"बेन, घरमां माताजी आव्या छे. मारे पण छोकरां छे."

घरी लेकरं आहेत म्हणत तो गेला. दुसरी रिक्षा शोधायला ती वळते तोवर पुष्पाबाई समोर.

"कोठे चालनी?"

"दवाखानामा. ताप चढना."

"माता अंगमा शे आनि सुई टोचाले लई जास? ताप तर येवावच. देवी उतरीनं तवय जाई."

"मावशी, सरका."

"नही सरकाव. मन्हा दीरले असंच लई गयथात. सुई टोची, आनि दोन्ही डोया गये त्याना. मी देखेल शे छाया, तू नही देखेल."

आणि पुष्पाबाई उंबऱ्यावर बसली, चौकटीला दोन्हीकडून हात लावून. ती वाईट बाई नव्हती. तिला युवराजचे डोळे वाचवायचे होते. बायका जमल्या, कुणी छायाचा हात धरला, कुणी देवीची क्षमा मागायला लागली. एक जण म्हणाली, हिला उन्हानं भ्रम झालाय. सगळ्या बोलत होत्या आणि आत युवराजचे दात वाजत होते.

छायानं वळून पाहिलं. तो खाटेवर उठून बसला होता, गोधडी लपेटून. तिच्या मनात काय आहे ते त्यानं ओळखलं आणि मान हलवली. नको.

तिला त्या क्षणी त्याचा राग आला. इतका राग तिला त्याचा कधी आला नव्हता. मरायला निघालेला माणूस लाजेची काळजी करतो आणि जगवायचं ओझं दुसऱ्यावर टाकतो.

"माता नही शे, मावशी," ती म्हणाली. "कॅन्सर शे. रक्तना कॅन्सर. तुम्ही माता म्हनात आनि मी गप राहिनू. ताप उना तर थांबानं नही, आसं डॉक्टरनी सांगेल शे. आते उठा, नही तर हाऊ मानूस तुमना डोयासमोर जाई."

छायाचा हात धरलेल्या बाईनं तो सोडून दिला. पुष्पाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. छायाकडे न बघता ती गल्लीच्या तोंडाशी गेली आणि येणाऱ्या पहिल्या रिक्षासमोर रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. रिक्षा थांबवून, ती दारापाशी आणून मगच बोलली.

"देवीना नावनं खोटं वागनीस तू. ते तुन्हं आनि देवीनं. आते जा."

रिक्षात छायानं युवराजच्या हातावर हात ठेवला. त्यानं आपला हात काढून घेतला.

दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं, सलाईनमधून औषधं सुरू केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत. किती वेळेत, ते छायानं विचारलं नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या त्या पेशी, लागणार होत्या, त्यासाठी रक्त देणारा माणूस हवा होता. तिनं गणेशला फोन केला आणि खरं सांगितलं. एकदा तोंडातून निघालेला शब्द दुसऱ्यांदा काढायला तेवढं जड जात नाही. गणेश खात्यातल्या आणखी दोघांना घेऊन आला. एक जण मशीन आणि नळ्या बघून चहा पिऊन येतो म्हणाला आणि आलाच नाही. दुसऱ्याचा गट जुळला नाही. गणेश उरला.

"वहिनी, हाई लागट नही ना?"

"नही, भाऊ. तसं राहतं तर मी पयली."

"तेबी खरं शे," गणेश म्हणाला आणि बाही वर करून खुर्चीत बसला. त्याचं कपाळ घामानं डबडबलं होतं, पण तो उठला नाही.

ताप उतरला. युवराज सिस्टरशी बोलायचा, गणेशशी बोलायचा, झाडूवाल्याशीसुद्धा बोलायचा. छायाशी नाही. ती पाणी पुढं करायची, तो प्यायचा. ती पाठ पुसायची, तो पुसू द्यायचा. ज्याच्यासाठी चोरी करावी त्यानंच चोर म्हणावं, तसलं ते सगळं. ती रात्री खाटेखाली चटई टाकून पडायची आणि वरच्या श्वासांकडे कान लावायची. बोलू नको, पण श्वास घे, एवढंच तिचं मागणं उरलं होतं.

घरी आले तेव्हा डहाळा कुणीतरी काढून टाकलेला होता. गल्ली बदलली होती. नळावर छायानं बादली लावली तर शेजारच्या बाईनं आपली बादली हळूच ओढून घेतली. लागट नाही म्हणून किती जणींना सांगणार. त्याहून वाईट होतं ते तिच्या कपाळाकडं बघणं. बायका तिच्याशी बोलायच्या आणि नजर कुंकवावर ठेवायच्या, हे आणखी किती दिवस, असं मोजल्यासारख्या. भिंतीपलीकडे कुणीतरी मोठ्यानं हळहळलं, "भरल्या संसारवर काय हाई." युवराजनं ते ऐकलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला. त्याला ज्याची भीती होती तेच झालं होतं, आणि ते तिनंच केलं होतं. पुष्पाबाईचा वाडगाही आता येत नव्हता.

अशात एका सकाळी जिजी आली. जिजी म्हणजे युवराजची आई. भूपेंद्रनं गावी फोन केला होता. म्हातारी दोंडाईच्याहून गाडीत बसली, उधन्याला उतरली, आणि विचारत विचारत गोडादऱ्यात पोचली. डोक्यावर पिठाचं गाठोडं, पाठीला बाक, आणि खोकला. गल्लीत शिरल्यापासून तिचा खोकला छायाला ऐकू येत होता, आणि छाया आधीच दारात येऊन उभी राहिली होती.

"सरक," जिजी दारात येऊन म्हणाली.

"जिजी, मझार येवू नका. तुमले खोकला शे."

"मन्हा पोटना गोया शे तो. सरक."

"त्याले बाधी, जिजी. तुमना पाय पडस मी. ओट्यावर बठा, मी पानी आनस."

जिजीनं गाठोडं खाली ठेवलं. आवाज चढला. सुनेनं माझ्या लेकाला दाबून ठेवलंय, रोग लपवला, देवीचं नाव पुढं केलं, भाऊबंद तोडले, आणि आता आईला लेकाचं तोंड बघू देत नाही. ती बोलता बोलता खोकायची आणि खोकून परत बोलायची. ओट्याओट्यावर बायका उभ्या राहिल्या. समोर पुष्पाबाईही दारात आली, पण मधे पडली नाही. छाया दारात उभी होती. आता सांगायला खोटं उरलं नव्हतं आणि खऱ्याचा उपयोग होत नव्हता. म्हातारीनं एक धक्का दिला असता तर ती पडली असती. आणि तिला वाटलं, पडले तर बरं, एकदाचं होऊन जाईल काय व्हायचं ते.

तेवढ्यात मागं खाट करकरली.

युवराज भिंत धरून, मग फडताळ धरून पुढं आला. तोंडावर रुमाल बांधलेला, डोक्यावर एक केस नाही, सदरा हाडांवर लोंबतो आहे. जिजीनं त्याला पाहिलं.

"जिजी, तिले बोलू नको," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण त्यानं तो ओढून मोठा केला, पार पलीकडच्या ओट्यापर्यंत जावा इतका. "लपाडानं मीच सांगेल व्हतं. मीच आन घालेल व्हती. माले कॅन्सर व्हयेल शे. तू खोकली राहिनी. तू मझार उनी तर मी मरी जासू. तिनी माले दोनदा वाचाडं. तू बाहेर बठ, मी आठे बठस."

जिजीनं पदर तोंडाला लावला. मग ती हळूहळू ओट्यावर बसली, गाठोड्याला टेकून.

"दुखस का रे?" तिनं पदराआडून विचारलं.

"दुखस."

"वाचशी का?"

"आते माहीत नही. डॉक्टर म्हनतस, वाचशी. आखो औषध बाकी शे."

जिजी रडली, पण मोठ्यानं नाही. मग तिनं म्हशीचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, कुणाचं तरी लग्न मोडलं ते सांगितलं. छायानं खुर्ची आणली. युवराजनं बसताना तिच्या हाताचा आधार घेतला आणि बसल्यावरही तो हात थोडा वेळ सोडला नाही.

मग छाया आत आली, मोरीपाशी जाऊन बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडली. कितीतरी दिवसांचं साठलेलं होतं. बाहेर मायलेकांचं बोलणं चालू होतं, मधेच खोकला, मधेच म्हैस. आपल्याला कुणी हाक मारत नाही, हे तिला फार बरं वाटलं.

थोड्या वेळानं गल्लीत मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. भूपेंद्र होता, म्हातारी पोचली का ते बघायला आला असणार. छाया सवयीनं उठायला गेली, पदर खोचला, काय सांगायचं ते शोधू लागली. पण दारातून युवराजचा आवाज आला.

"भूपेंद्र, बाहेरच बठ, भाऊ. माले कॅन्सर शे. जिजीजोडे बठ, आनि पानी पी आते."

छाया परत खाली बसली.